ताट-तांब्या घेऊन या

"शाळा तर सोडलीस, आता गावाला शिकवायलास व्हय रे?" माणिकप्पा पारावरनं वरडले.

म्या बी वरडलो, "शिकवत न्हाय आप्पा, सांगायलोय. यंदा मारुतीच्या जेवणाला थर्माकोल आणायचं न्हाय!"

"मग हुग्गी काय तुझ्या वंजळीत वाढायची?"

पारावरचे सगळे हासले. माझं टाळकं सरकलं.

माणिकप्पा आमच्या मारुतीच्या कमिटीचे अध्यक्ष. हनुमान जयंतीला सगळ्या गावाला हुग्गी असती, म्हंजी गव्हाची खीर. दरसाली मुरुमच्या बाजारातनं टेंपोभर ताटं नि द्रोण येतेत. गरम हुग्गी पडली की द्रोणाला भोक पडतंय, तो भाग येगळा. जेवण झालं की वड्यात ढीग पेटवायचा. गेल्या साली म्याच पेटवला. दोन दिस खोकत होतो.

माझी बहीण शुभांगी उमरग्याला कॉलेजात हाय. ती म्हणली, "इंद्या, थर्माकोल खनिज तेलापासनं बनतंय. जाळलं की त्यातला वायू वर जाऊन गोधडीवानी बसतो. खालची धग भायेर जाऊ देत न्हाय."

"एका द्रोणानं दुनिया तापती व्हय?"

"एका न्हाय रे येड्या. गावोगावचे, लग्नालग्नातले. वर गाड्यांचा धूर, कोळशाचा धूर. सगळं त्याच गोधडीत."

तवा म्या हासलो. पण मागनं ध्यानात आलं, म्या बारका असताना पंगत भर दुपारी बसायची. आता सकाळी दहालाच सुरू करावी लागती, कायकी बाराला फरशीवर बूड टेकवत न्हाय. हे म्या कुठल्या पुस्तकात वाचलं न्हाय, बसून बघितलंय.

"पूर्वी लोकं घरनं ताट-तांब्या घेऊन यायची का न्हाय?" म्या आप्पाला इचारलं.

"पूर्वीची लोकं येगळी होती. एक जरी माणूस उपाशी परत गेला तर माईकवर माफी मागशील? सगळ्या गावाम्होरं?"

"मागतो!"

बोलून गेलो. राग आला की माझ्या तोंडाला दार ऱ्हात न्हाय. मास्तरला बी असंच बोलून गेलो होतो, तवापासनं घरी हाय. आन आता सगळ्या गावाम्होरं माफी म्हंजी? त्यापरीस वड्यात उडी टाकलेली बरी.

तीन दिस देवळाच्या भोंग्यावर म्याच वरडलो, "ताट-तांब्या घेऊन या!" आन लोकं आली की. पदराखाली ताटं झाकून बाया आल्या. म्हातारी माणसं तर असली खूश, जणू लग्नालाच निघालीत. पहिली पंगत झकास झाली. पण मागनं वस्तीवरची शंभरेक माणसं मोकळ्या हातानं आली. म्या, शुभांगी नि चार पोरं राखेनं पहिल्या पंगतीची ताटं घासत बसलो, खरकटं पाणी लिंबाच्या बुडाला सोडलं. दुसरी पंगत उठली, तिसरी उठली. उपाशी कुणीच गेलं न्हाय.

मग खरी पंचाईत झाली. घासलेल्या ताटांचा ह्यो मोठा ढीग, आन सगळी ताटं एकसारखी!

"ते माझं हाय!"

"तुझं कसं? माझ्या लग्नातलं हाय ते!"

बाया ढिगावर तुटून पडल्या. माणिकप्पा गालात हासत म्हणले, "उपाशी कुणी न्हाय, पण भांडणं तर लावलीस. घे इंद्रजित, माफीला माईक तयारच हाय."

म्या माईक घेतला, पण ताटाच्या बुडाची नावं वाचायला लागलो. "राजेश्वरी व्यंकट! बानूबाई! चैतालीच्या मामाकडनं!" बाया येऊन आपापलं ताट न्यायला लागल्या. अर्धा ढीग उरकला. मग एक ताट उलटं केलं, त्याच्यावर लिव्हलेलं, 'श्री मारुती देवस्थान'.

दुसरं बी तसंच. तिसरं बी.

पूर्वी देवळाची तीनशे ताटं होती. चोरीला गेली म्हणून तर थर्माकोल आलं, असं माणिकप्पाच दर बैठकीत सांगायचे. आन त्यातली चार ताटं हिरव्या फडक्यात बांधून सकाळी कुणी आणली, ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांच्याच बायकोनं, सत्यभामाकाकूनं.

आता सापडले! 'चोर' म्हणायला तोंड उघडलं, तवर हातातल्या ताटाची कड बोटाला लागली. चेपलेली. पाचवीत असताना हेच ताट म्या शुभांगीला फेकून मारलं होतं. उलटं केलं. श्री मारुती देवस्थान.

आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघायली होती.

मग म्या माईकवर बोललो, "मारुतीची ताटं घरी आलीत. ह्यातलं एक आमच्या घरचं हाय. अजून कुणाकडं असतील तर आणून ठेवा, कुणी काय इचारणार न्हाय."

मग सत्यभामाकाकूच हासली, "चार आमची हैत गं बाई! उरलेली हुग्गी झाकून न्यायची, आन ताट द्यायचं ऱ्हाऊनच जायचं."

"आमच्याकडं बी सहा हैत की!"

"आमची तर जावई घेऊन गेला!"

सगळं गाव हासायलं. माणिकप्पा लिंबाच्या शेंड्याकडं बघायले, जणू वर माकड बसलंय. दिस मावळायच्या आत दोनशे अकरा ताटं देवळात आली. पोरं तर घरचे डबे बी उलटे करून बघायली होती.

"माफी ऱ्हाऊ दे," आप्पा हळूच म्हणले. "पण ही ताटं तूच सांभाळायची. मधीच सोडलीस तर बघ."

"सांभाळतो. पण आप्पा, तुमची ती चार..."

"गप ए!"

तवापासनं गावात तीन लग्नं झाली, वड्यात एक बी ढीग पेटला न्हाय. धग कमी झाली का? इतक्यात कुठनं होती, शुभांगी म्हणती लई गावांनी करावं लागतंय. शेजारच्या गावानं ताटं मागितलीत. म्या म्हणलं, आधी तुमच्या मारुतीची हुडका. आन आज आण्णासाहेबाच्या नातवाचं बारसं हाय, साठ ताटं पोचवायचीत, त्यांचा माणूस कवाचा हाका मारायलाय. थांबा, अजून एक सांगायचं होतं... ऱ्हाऊ द्या, मला आता जावंच लागतंय.