शेपट्यांचा खण

पगारेबाईंनी प्रूफ टेबलावर आपटले आणि तांबड्या पेन्सिलीने केलेली अकरा वर्तुळे छापखान्याच्या मालकाला एकेक करून दाखवली.

साल अठ्ठ्याहत्तर. लांबलचक इंग्रजी शब्द पाहून मुलांची बोबडी वळते, म्हणून ते तोडून कसे वाचायचे हे दाखवणारी पुस्तिका बाईंनी लिहिली होती. मेनरोडच्या बोळातल्या या छापखान्यात ती जुळत होती, आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या बारकूने बाईंचे शब्द परस्पर दुसरीकडेच तोडून ठेवले होते.

मालक तडकला. उद्यापासून इंग्रजी खिळ्यांना हात लावायचा नाही, असे त्याने बारकूला बजावले. वीस वर्षे इंग्रजी काम एकट्या बारकूकडे होते आणि त्याचा त्यावर फार जीव होता. बिचारा पार कोमेजला.

"बाई, अक्षरं ओळखतो, पण वाचता नाय येत," तो म्हणाला. "या शेपट्या लय लागतात, म्हणून बांधूनच ठेवतो."

त्याने खण ओढला. मेंट, नेस, लेस, शन. शब्दांच्या शेवटी येणारे तुकडे आधीच जुळवून, दोऱ्याने बांधून, मेथीच्या जुड्यांसारखे रचलेले. शेपटी आयती उचलायची आणि पुढचे तेवढे जुळवायचे. तोडायची वेळ आली की शब्द आपसूक सांध्यावर तुटे.

बाईंनी 'गव्हर-न्मेंट' लिहिले होते, बारकूने 'गव्हर्न-मेंट' केले होते. बाईंनी पिशवीतून शब्दकोश काढला. अकराच्या अकरा ठिकाणी बारकू बरोबर होता.

बाईंना घाम फुटला. वस्तीतली इंग्रजी शिकवणारी पहिली बाई म्हणून विहारात त्यांचा सत्कार झाला होता. शाळेतले दोघे-तिघे त्या कधी चुकतात याची वाटच बघत होते, आणि मालकाच्या तोंडात तर तीळ भिजत नसे.

बारकूने शब्दकोशात डोकावलेसुद्धा नाही. बाईंचा चेहरा पाहूनच त्याला समजले.

"मालक, माझंच चुकलं," तो म्हणाला. "बाईंनी लिहिलंय तसं लावून देतो."

क्षणभर बाईंना हायसे वाटले. मग त्याचीच लाज वाटली. चुकीचे शब्द उद्या पोरांच्या हातात जाणार होते.

"नाही. अकराही चुका माझ्या आहेत," त्या मालकाला म्हणाल्या. "बारकूमामांनी लावलंय तेच बरोबर. इंग्रजी खिळे त्यांच्याकडेच राहू द्या."

बाईंनी बारकूला पूर्ण नाव विचारले आणि प्रुफाच्या पहिल्या पानावर, आपल्या नावाशेजारी, इंग्रजीत लिहिले: बारकू सहादू बोडके. बारकू बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होता. मग त्याने सवयीने ओळीची लांबी मापली.

"बाई, बसत नाय. कुठं तोडू?"

"तुमचं नाव तोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या नावापुढचं बी.ए., बी.एड. काढा."