घसरगुंडी

तिच्या सफरचंदाच्या केकला सासरी एकच नाव होतं: घसरगुंडी. एका बाजूला चांगला चार बोटं फुगलेला आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्यासारखा चपटा, वर करपलेला. नाव ठेवलं होतं थोरल्या नणंदेनं, तेही हसत हसत, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती.

आज संध्याकाळी त्याच नणंदबाई नव्या सुनेला घेऊन चहाला येणार होत्या. सकाळी फोनवर म्हणाल्या, "घसरगुंडी कर हं! सुनेला दाखवायचीय."

दाखवायचीय म्हणे! केक म्हणजे काय सर्कशीतलं अस्वल आहे? तिला मनापासून लागलं ते. नवी मुलगी घरात यायची आणि मामीची पहिली ओळख ही! काही झालं तरी आजचा केक सरळ व्हायलाच हवा, असं ठरवून तिनं सफरचंदं सोलायला घेतली.

आजवर उपाय काय कमी केले होते? मैदा दोनदा चाळला, अंडी हात दुखेपर्यंत फेटली, भांडी बदलली. ओव्हनबद्दल मात्र तिनं कधी ब्र काढला नव्हता. स्वतःला येत नाही म्हणून ओव्हनला नावं ठेवते, हे ऐकून घेण्यापेक्षा करपलेला केक परवडला.

पसरट भांड्यात फोडी मांडून तिनं वर लिंबू पिळलं, साखर भुरभुरली. टेबलावर बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून भांडं तात्पुरतं थंड ओव्हनमध्येच सरकवलं आणि ती लोणी फेटायला बसली. परत येऊन बघते तर सुटलेला सगळा रस मागच्या डाव्या कोपऱ्यात गोळा झालेला! पुढच्या फोडी कोरड्या ठणठणीत. तिनं टेबल आवरून भांडं तिथं ठेवलं. रस सगळीकडे सारखा पसरला. पुन्हा ओव्हनमध्ये ठेवलं; रस निघाला आपला कोपऱ्याकडे.

"अगं बाई!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

तिचा नवरा सुतार होता, आणि साधासुधा नव्हे. त्यानं बसवलेल्या दारातून वारासुद्धा परवानगी घेऊन आत यायचा. ती तरातरा गेली आणि त्याच्या पिशवीतून पाणसळ काढून आणली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की जागा सपाट, एवढं तिला बघून बघून माहीत होतं. ओव्हनमध्ये ठेवल्याबरोबर बुडबुडा धूम पळाला.

ओव्हनखालची फळी नवऱ्यानंच ठोकली होती. "आत्ता तात्पुरती ठोकतो, नंतर नीट करतो," म्हणाला होता. ते नंतर काही उगवलंच नाही. लोकांच्या घरात केसाएवढा फरक खपवून न घेणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात हा उजेड! तिला आधी संताप आला, मग हसू आलं, आणि मग ऊर असा भरून आला की विचारू नका. इतकी वर्षं तिचा हात चांगलाच होता!

तिनं लाकडाचा तुकडा तासून पाचर केली आणि ओव्हनच्या मागच्या डाव्या पायाखाली हातोडीनं बेतानं ठोकली. बुडबुडा मधोमध येऊन गप्प बसला.

संध्याकाळी केक टेबलावर आला. चारी बाजूंनी सारखा, सोनेरी, फोडी ओळीनं बसलेल्या. नणंदबाईंनी मान तिरकी करून पाहिलं, मग सरळ करून पाहिलं.

"विकत आणलास ना?"

"नाही, ताई. हात माझाच आहे. ओव्हन वाकडा होता."

"काहीतरीच! माझ्या भावानं बसवलेला ओव्हन वाकडा?"

तिनं पाणसळ पुढे केली आणि पाचरेकडे बोट दाखवलं. सून मात्र तोवर दुसरा तुकडा घेत होती. "मामी, मला शिकवाल?" तिनं विचारलं.

टेबलाशी बसलेला नवरा उठला. ओव्हनपाशी वाकून त्यानं अंगठ्यानं पाचर दाबली, हलवून पाहिली. आता हा आपली पाचर काढणार आणि दुसरी ठोकणार, हे तिला ठाऊकच होतं. हाताखालच्या कारागिरांची एकही पाचर त्यानं कधी जशीच्या तशी ठेवली नव्हती.

"कुणी ठोकली?"

"मी."

त्यानं पाचरेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग हात झटकून उभा राहिला.

"राहू दे," तो बहिणीकडे बघत म्हणाला. "पक्की बसलीय."