शालनची मेंढरं

"एडका आज सोडायचा न्हाई," शालन म्हणाली आणि तिने पुढच्या मेंढीच्या कमरेवर बोटं दाबली. लोकरीखाली मणके एकेक हाताला लागत होते. "ही बी तसलीच. नुसती हाडं."

"अगं, पंधरा ऑगस्ट ठरलाय," आनंदराव म्हणाले. "पाच महिन्यांनी, जानेवारीत कोकरं. मी सगळं लिहून काढलंय."

"मेंढरास्नी वाचून दावलं का?"

जयपूरबाहेर, कानोत्याच्या धरणापलीकडे भाड्याने घेतलेल्या जागेत तीस मेंढ्या होत्या, आणि शालनला त्यातल्या एकीचंही तोंड बघायचं नव्हतं. ती आटपाडीकडच्या धनगराघरची. लहानपण सगळं मेंढरांमागे चालण्यात गेलं. फौजेतल्या आनंदरावांचं स्थळ आलं तेव्हा तिने बाकी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या घरी मेंढरं नाहीत, एवढं तिला पुरलं होतं. मग अठ्ठावीस वर्षं छावण्यांमधली क्वार्टर्स झाली. शेवटची बदली जयपूरची, म्हणून खातीपुऱ्यात फ्लॅट घेतला. आणि सुभेदार होऊन निवृत्त झालेला हा माणूस एके दिवशी जेवताना म्हणाला, मेंढ्या घेतल्या.

पहिल्या वर्षी तीस मेंढ्यांना चौदा कोकरं झाली, त्यातली सहा कोकरं आठवड्याच्या आतच मेली. आनंदराव मोबाइलवर व्हिडिओ बघून रोज नवा उपाय काढत. शेवटी वैतागून शालनच रोज इकडे यायला लागली.

"सगळ्यांना सारखं खायला घालायचं बंद करा," ती म्हणाली.

"फौजेच्या लंगरमध्ये सगळ्यांना सारखंच वाढतात."

"ह्यो लंगर न्हाई. बारकीला तेवढ्यानं भागत न्हाई, आन् जाडीला चरबी चढली की ती गाभ धरत न्हाई."

"बाईसा सही कह रही हैं, साब," चंदन म्हणाला. हा कानोत्याचाच, मेंढ्या चारायला ठेवलेला. साहेबांनी रागाने पाहिलं तसा तो पाणी भरायला निघून गेला.

शालनने कळपाचे दोन भाग केले. दात पडलेल्या दोन म्हाताऱ्या बाजूला काढल्या. बारीक मेंढ्यांना तीन आठवडे रोज जव घातले. मगच एडका सोडला, त्याच्या छातीला गेरू फासून. रोज सकाळी कुणाच्या पाठीवर लाल डाग उमटलाय ते बघून ती मेंढी लक्षात ठेवायची. महिन्याने एडका वेगळा बांधला. आनंदरावांना हे सगळं फार हळू वाटत होतं, आणि ते तसं रोज बोलून दाखवत.

जानेवारीत तनयाचं, त्यांच्या मुलीचं, बाळंतपण आलं. शालनला पुण्याला पंधरा दिवस जावं लागलं. जाताना तिने तीनदा बजावलं, "आता पोटातलं वाढायचं दिस. बारक्या मेंढरांची दावण येगळीच ठेवा."

परत आली तर सगळ्या मेंढ्या एकाच गव्हाणीला. दांडग्या पुढे, बारक्या मागे.

"दोन ठिकाणी घालायचं म्हणजे डबल काम," आनंदराव म्हणाले. "माल तर तेवढाच पडतोय."

शालनने पिशवी खाली ठेवली. प्रवासातल्या त्याच साडीवर ती बारक्यांसाठी वेगळं कुंपण घालायला लागली.

फेब्रुवारीत मेंढ्या व्यायला लागल्या. दहा दिवसांत एकोणीस कोकरं झाली, सगळी पायांवर उभी. आनंदराव फोनवर जुन्या साथीदारांना आकडा सांगत होते. त्या दुपारी चंदनने हाक मारली. एक बारीक मेंढी कालपासून खात नव्हती, आता उठतही नव्हती.

जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन सुई दिली आणि म्हणाले, "जुळं आहे पोटात. मेंढीला खाणं कमी पडलंय." आनंदरावांनी मान खाली घातली.  मेंढीला कळा यायला लागल्या तसं शालनने हाताला तेल लावलं आणि मेंढीशेजारी आडवी झाली. पहिल्या कोकराचा पाय मागे अडकला होता. डोळे मिटून तिने तो बोटांनी चाचपला, हळूच सरळ केला. एक आलं. मागोमाग दुसरं. दोन्ही जिवंत होती. मेंढीने त्यांना चाटायला मान उचलली, ती परत टेकली, आणि मग हललीच नाही.

आनंदरावांनी बादलीतून शालनच्या हातांवर पाणी घातलं. कोपरापर्यंत रक्त होतं.

"हे तुला येतं, कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"इसरायला बघत हुते."

एकच कोकरू झालेली एक दांडगी मेंढी तिने कोपऱ्यात घेतली. दुसरीच्या पिलाचा वास लागताच मेंढी लाथा झाडायला लागली.

"कसं धरू?" आनंदरावांनी विचारलं.

"गुडघा लावा हितं. मान सोडू नका."

ते मातीत बसले. मेंढीने त्यांच्या नडगीवर लाथ हाणली, पुन्हा हाणली. त्यांनी मान सोडली नाही. शालनने कोकराचं तोंड सडाला लावलं. दुसरं तिच्या स्वेटरच्या आत, पोटाशी थरथरत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग सडाखालच्या कोकराची शेपटी हलायला लागली.

"सोडू?" त्यांनी हळू विचारलं.

"दम धरा. अजून एक पाजायचं हाय."