मान-कितला वाटलेली भीती

रविवारी सकाळी आम्ही तिघं हाँगकाँगच्या काउलून भागातल्या एका चहाघरात बसतो. मी, मान-कित आणि युन-सिम. तिघांचीही उमेदीची वर्षं सिनेमात गेली, पण आमचे चेहरे कुणी ओळखणार नाही. मान-कित हिरोच्या ऐवजी उड्या मारायचा. युन-सिम भूत व्हायची, केस तोंडावर सोडून. आणि मी तिच्या तोंडाला पांढरा रंग फासायचो. केसांखालचा तो रंग कुणाला दिसत होता, देव जाणे.

त्या दिवशीही वाद नेहमीचाच होता.

"भुताच्या सिनेमात आहे काय?" कोंबडीचा पाय चोखत मान-कित म्हणाला. "तारेवर लटकायचं आणि ई-ई करायचं."

"लटकून बघ एकदा! पट्टा असा काचायचा की रात्री कूस बदलता यायची नाही," युन-सिम म्हणाली. "आणि तू रे? हिरोचं जाकीट घालून पडायचास. पडायचास तू, उठून टाळ्या घ्यायचा तो."

"मारामारीच्या सिनेमाला छाती लागते, बाई."

"आणि गुडघे. ते कुठे ठेवून आलास?"

मला असं हसू फुटलं की चहा नाकात गेला. तीही हसत होती. हसता हसताच तिनं विचारलं, "खरं सांग, इतक्या उड्या मारल्यास, कधी घाबरलास तरी का?"

मला वाटलं, आता हा फुशारकी मारणार. पण त्यानं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"एकदा."

"कुठल्या सिनेमात?"

"सिनेमात नाही. तुला लग्नाचं विचारायचं होतं तेव्हा."

शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी नातवंड रडत होतं. युन-सिम तिकडे बघत राहिली. मान-कित थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता बहुतेक.

"माझ्याबरोबर उड्या मारणारा आ-होई गेला ना, शूटिंगमध्ये गच्चीवरून पडून, त्याच आठवड्यात विचारणार होतो. त्याच्या बायकोला सांगायला स्टुडिओवाल्यांनी मलाच पाठवलं. तिनं दार उघडलं आणि मला एकट्याला बघून तिला कळलं. माझ्या तोंडून शब्दही निघाला नव्हता. परत येताना ठरवलं, तुझ्या दारात असं कुणी यायला नको."

"आणि मला काय वाटलं माहितीये?" युन-सिम हळू म्हणाली. "रोज भूत होणारी सून तुझ्या आईला अपशकुनी वाटत असणार. म्हणून तू मागे सरलास. मी वर्षभर वाट बघितली रे. मग पुनला हो म्हटलं."

पुन घड्याळं दुरुस्त करायचा. स्टुलापेक्षा उंच कधी चढला नाही. दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि गेला. मुलगा तेव्हा शाळेत होता.

"माझ्या दारात माणूस यायचा तो आलाच," ती म्हणाली. "पुन चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तू मला विचारायचं तरी होतंस. ती भीती घ्यायची की नाही, ते मला ठरवू द्यायचंस."

"मला वाटलं, तुला वाचवतोय."

"वाचवलंस तू स्वतःला."

मान-कितनं मान खाली घातली. कोळंबी भरून उकडलेल्या पुरचुंड्यांची टोपली आली, कुणी हात लावला नाही. मग तो म्हणाला, "आता विचारू?"

युन-सिमनं त्याच्या वाटीत चहा ओतला. त्यानं सवयीनं टेबलावर दोन बोटं आपटून आभार मानले.

"आता नको," ती म्हणाली. "रागानं नाही सांगत. एकटीच्या घराची सवय झालीये मला. उशी दोन्ही बाजूंनी माझीच असते. खा, गार होतंय."

पुढच्या रविवारी मान-कित आला नाही. फोनवर म्हणाला, गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारी केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. युन-सिमनं त्याच्यासाठी कोंबडीचे पाय आधीच मागवून ठेवले होते. आम्ही औषधाच्या गोळ्यांबद्दल बोललो, तिच्या इमारतीतल्या बंद लिफ्टबद्दल बोललो. भुतं आणि उड्या यांचं नाव कुणी काढलं नाही, आणि मला ते फार जाणवलं. वाद घालण्यात आमची अर्धी सकाळ जायची.

ती निघून गेल्यावर आम्ही दोघं बसथांब्यावर उभे होतो. त्यानं विचारलं, "तेव्हा ती हो म्हणाली असती का रे?"

मला ती रंग लावून घ्यायला बसायची ती खुर्ची आठवली. बसल्याबरोबर, आरशात न बघता, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: आज मान-कितचं काम आहे का?

"म्हणाली असती," मी सांगितलं.

त्यानं मान हलवली. त्याची बस आली, दार उघडून थांबली, निघूनही गेली. तो रस्त्याकडे बघत तसाच उभा राहिला.