नांदुरीच्या चढावर

नाशिकच्या बाजारात लोक म्हणत, की महेबूब नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो. महेबूबलाही ते ऐकायला आवडे. १९३८ साली डिझेलवर चालणाऱ्या लॉऱ्या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. त्यातली एक खंडेरावशेठनी घेतली आणि चालवायला आणि दुरुस्तीला, दोन्हींसाठी महेबूबलाच ठेवलं.

त्या मंगळवारी सकाळी कळवणहून भुईमुगाची पोती आणायला रिकामी लॉरी निघायची होती. तेवढ्यात कारभारी नावाचा एक शेतकरी हात जोडून पुढे आला. त्याच्या थोरल्या भावाला, नाथाला, दवाखान्यातून कळवणच्या वाटेवरच्या त्यांच्या घरी न्यायचं होतं. पोटात पाणी झालं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"त्याला घरच्या वसरीत पडायचंय. दुसरं काय मागत नाय तो," कारभारी म्हणाला.

महेबूबने लॉरीत कडब्याचा जाड थर घातला, वर गोधडी अंथरली. नाथाला चौघांनी उचलून ठेवलं. त्याची बायको कुसाबाई उशाशी बसली, कारभारी पायाशी.

वणी मागे पडली आणि नांदुरीच्या चढाला इंजिन अडखळू लागलं. जोर येई, जाई, पुन्हा थोडा येई. अर्ध्या चढावर ते बंदच पडलं. महेबूबने खाली उतरून चाकांमागे दगड लावले, तेव्हा अकरा वाजले असावेत.

त्याने टाकीत काठी बुडवून पाहिली. तेल भरपूर होतं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल म्हणून तार घालून साफ केलं. पंपाचे नट आवळले. नळीला कुठे तेल पाझरतंय का, ते बोट फिरवून पाहिलं. ऊन चढत गेलं. त्याने सगळं तपासलं, फक्त एका डब्याला हात लावला नाही. तेल गाळणाऱ्या त्या डब्यातली गाळणी सोमवारीच बदलायची होती. नवी गाळणी शेडमध्ये आणून ठेवलेली होती. पण सोमवारी दुपारी सासुरवाडीची माणसं आली, आणि 'उद्या परवा बघू' म्हणून त्याने ते काम ढकललं होतं.

"भाऊ," कुसाबाईने वरून हाक मारली. "हे काय तरी म्हणत्यात."

महेबूब फळीवर चढला. नाथाचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हलत होते.

"बंद पडायच्या आधी... धाप लागल्यागत करीत व्हतं ना?"

"हो, नाथाभाऊ."

"उपाशी हाय ते. तेल पोचत नाय. गाळणी बघ."

कारभारी हळूच म्हणाला, "दादा दहा साल गुऱ्हाळाच्या इंजनावर व्हता."

महेबूब खाली उतरला. डब्यात जाणारी नळी त्याने सोडली. तेल धारेने आलं. ती जोडून पलीकडची सोडली. थेंब थेंब गळू लागलं. आता शंकेला जागाच नव्हती. त्याने डबा उघडला. आतली गाळणी म्हणजे जाड लोकरीचा नमदा; तो गाळाने काळा झाला होता आणि बोटांना चिकटत होता. नवा नमदा चाळीस मैल मागे होता. त्याने टाकीतलं तेल पातेल्यात काढून ते कपड्यातून गाळलं आणि त्यात तो जुनाच नमदा पुन्हा पुन्हा धुतला, पिळला. चारदा पातेलं ओतून टाकलं. मग डबा जोडला आणि वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे आणि शेवटी निव्वळ तेल. तरीही इंजिनाकडच्या नळ्यांत हवा राहिलीच होती. एकेक नट सैल करून ती काढावी लागली.

इंजिन धडधडलं, तेव्हा दोन तास उलटून गेले होते.

"लागलं बघ," नाथा म्हणाला. कुसाबाईने त्याच्या ओठांना पाणी लावलं.

चढ संपला. डावीकडे देवीचा गड मागे सरकत गेला. घर मैलभरावर राहिलं असताना कारभारीने टपावर थाप मारली. महेबूबने लॉरी उभी केली आणि मागे येऊन पाहिलं. कुसाबाई नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती. तिने मान वर केली नाही.

"चला. त्यांना घरी न्या," ती म्हणाली.

घरी नाथाला वसरीतच ठेवलं. माणसं जमली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर सरपण होतं; ते आणायला कारभारीने लॉरी मागितली. महेबूबने दोन खेपा केल्या. लाकडं त्याने स्वतः उतरवली. कोणी म्हणालं, "राहू दे, भाई." तरी तो थांबला नाही.

अग्नी देऊन माणसं ओढ्याकाठून परतली तेव्हा कुसाबाई खांबाला टेकून बसली होती. महेबूब अंगणात उभा राहिला.

"बाई, ती गाळणी मी कालच बदलायला हवी होती. मला ठाऊक होतं. मी बदलली असती, तर ते जिवंत घरी पोचले असते."

कुसाबाईने मान वर केली.

"सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"आता मला ते जन्मभर वागवावं लागंल. तुमाला हलकं वाटावं म्हणून सांगितलं का?"

दुपारपासून हे सांगायचं ठरवताना महेबूबने आपलाच विचार केला होता, हे त्याला तेव्हा उमगलं.

"चुकलो," तो म्हणाला. "दोनदा चुकलो."

कुसाबाईने पदराने तोंड पुसलं. "इंजन लागलं तवा ते हसले व्हते," ती म्हणाली. "तुमी पुढं व्हता, तुमाला दिसलं नाय. लय दिवसांनी हसले." मग ती भिंतीकडे वळली. "जावा आता."

महेबूब रात्री कळवणला पोचला, त्याने पोती भरून घेतली आणि सकाळी परतीची वाट धरली. नाशिकच्या बाजारातल्या चहाच्या टपरीवाल्याने रोजच्यासारखं विचारलं, "काय उस्ताद, आज काय म्हणतंय इंजिन?" महेबूबने चहाची बशी खाली ठेवली आणि तो म्हणाला, "मला नाही कळत."