कुंकवावर लिंबू

खरं काय आणि खोटं काय हे ओळखून दाखवायचा मंदाला भारी सोस. मधाचा थेंब पाण्यात सोडून पाहिल्याशिवाय तिच्या घरात बाटली फडताळात जात नसे. तूप विकायला आलेल्या बाईची तर ती अशी उलटतपासणी घेई, की ती बाई पुन्हा त्या आळीत फिरकत नसे. मंदा मॅट्रिक झालेली, आगाशीच्या महिला मंडळाची चिटणीस, नवरा मुंबईला बँकेत. तिच्यापुढे बोलायला कुणी धजत नसे, आणि कुणी बोलत नाही म्हणजे आपलं बरोबरच असणार, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती.

यशोदा तिची चुलत जाऊ. आगाशीतल्या निम्म्या कपाळांवर यशोदाच्या हातचं कुंकू असे. स्वतःच्या वाडीतली हळद आणि शिंपल्यांचा चुना, एवढ्यावर ती असा लाल रंग आणायची की बघत राहावं. सासूने शिकवलेली विद्या. तिचा नवरा आत्माराम माडावरून पडून गेला, तेव्हा विधवेच्या हातचं कुंकू कसं लावायचं म्हणून बायकांनी नाकं मुरडली. पण बाजारच्या कुंकवाने कपाळं खाजायला लागली, तशा सगळ्याजणी मागच्या दाराने गुपचूप तिच्याकडे आल्या. हळदीकुंकवाला मात्र तिला ओटीवर कुणी बोलावत नसे. ती आत स्वयंपाकघरात बोरं, हरभरे, उसाचे करवे नीट करत बसायची. “मी नाय तर नाय, माजं कुंकू तर बसतंय ओटीवर,” असं हसून म्हणायची. त्यातच तिचं समाधान होतं.

त्या वर्षीचं संक्रांतीचं हळदीकुंकू मंदाकडे होतं. ओटी बायकांनी भरली होती. पलीकडच्या आळीतल्या सुशीलाकाकू आपल्या मालनला घेऊन आल्या होत्या. मालनचं लग्न ठरलं होतं, दोन-तीन आठवड्यांवर आलं होतं. बोलता बोलता मालन म्हणाली, “यशोदाकाकीचं कुंकू छान आहे, पण घाम आला की पिवळट पडतं.”

“अगो बाई! लग्नात असं झालं तर?” सुशीलाकाकू दचकल्या.

मंदाचे डोळे चमकले. चारच दिवसांपूर्वी तिने रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात ऐकलं होतं. चेहऱ्याला लावायच्या वस्तू नैसर्गिक आहेत की रसायनाच्या, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? कुंकवावर लिंबू पिळा, रंग बदलतो का पाहा. नेमकं तेवढ्यात स्टोव्हवरचं दूध उतू गेलं. ती धावली. परत येईपर्यंत रेडिओवरच्या बाई केसांच्या तेलावर पोचल्या होत्या. राहिलेलं उत्तर मंदाने आपल्याच अकलेने पुरं केलं होतं. रंग बदलला तर खोटं. त्यात विचारायचं काय?

तिने लिंबू मागवलं. ताटलीत यशोदाचं कुंकू घेतलं आणि सगळ्यांसमोर लिंबू पिळलं. लाल रंग बघता बघता उडाला आणि ताटलीत पिवळा चिखल उरला.

“बघितलंत?” मंदा म्हणाली. “वरून रंग चढवलेला. भेसळ आहे ही चक्क!”

कुणीतरी “शिव शिव” म्हटलं. सवाष्णींच्या घोळक्यात कुंकवाचा रंग उडावा, हे पाहून बायकांचे हात आपोआप कपाळांकडे गेले. यशोदा करव्यांचं सूप हातात घेऊन आतल्या दारात उभी होती. तिने ताटलीकडे पाहिलं.

“आमचे वाडीतलीच हलद हाय गो,” ती म्हणाली. एवढंच. मग तिने सूप खाली ठेवलं आणि मागच्या दाराने निघून गेली. मालनच्या लग्नाचं कुंकू बाजारातून आणायचं, हे तिथेच ठरलं. मंदाला त्या रात्री गाढ झोप लागली.

मालनच्या हळदीला मंदा मिरवून आली आणि लुगड्यावर हळदीचा भलामोठा डाग घेऊन आली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती लुगडं धुवायला बसली. डागावर साबण घासला आणि डाग लालभडक झाला.

तो लाल होणारच होता. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे परकरात असल्यापासून ती पाहत आली होती. त्यावर लिंबू चोळलं की पुन्हा पिवळा होतो, हेही तिच्या आईनेच तिला दाखवलं होतं. मंदाचा हात थांबला. ती ओल्या हातानेच घरात गेली. फडताळात तिचा जुना करंडा होता. कुंकू टाकून देऊ नये म्हणून यशोदाचं उरलंसुरलं कुंकू तिने त्यात तसंच ठेवलं होतं. त्यातलं थोडं एका बशीत घेतलं, बाजारचं दुसऱ्या बशीत, आणि दोन्हींवर लिंबू पिळलं. यशोदाचं पिवळं झालं. बाजारचं लालच्या लाल राहिलं, आणि बोटाला लागलेला त्याचा रंग साबणाने घासघासूनही जाईना.

म्हणजे पिवळं झालं ते हळदीचं होतं म्हणून झालं होतं. अस्सल होतं म्हणून!

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मंदाला त्या दिवशी कळलं. आणि तरीही तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे अजून कुणालाच माहीत नाही. गप्प बसलं तर कधी कळणारही नाही. तो विचार आपल्याच डोक्यात आला याची तिला इतकी लाज वाटली, की ती तशीच पायांत चपला सरकवून यशोदाच्या वाडीकडे निघाली.

यशोदा केळींना पाणी लावत होती. मंदाला पाहून तिने पदर सावरला.

“वैनी, तुमचं कुंकू...”

“टाकलं गो सगलं,” यशोदा घाईघाईने म्हणाली. “त्या केलीच्या आल्यात पुरलं. कोनाचे पायाखाली यायला नको. तू शिकलेली, तू दावलंस म्हनून मना कललं. चुनेवाल्यानं फसवलं का माजे हातालाच दोष हाय, देव जाने. येवढी वर्सं मी सगल्यांचे कपालाला काय लावलं गो?”

लबाड म्हणून जिला चारचौघींत उघडं पाडलं, ती बाई लबाडीचा दोष आपल्याच अंगावर घेऊन रोज झुरत होती. मंदाने रडत रडत सगळं सांगितलं; रेडिओ, उतू गेलेलं दूध, साबण, दोन बशा. यशोदा ऐकत राहिली. पाणी आळं भरून वाहायला लागलं तरी तिचं तिकडे लक्ष गेलं नाही.

“मंग ह्ये मना कशाला सांगतेस?” शेवटी ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात जुनी माया नव्हती. “मना ठावंच होतं. तुजे बोलन्यावरून मी इसरले.”

रथसप्तमीला, हळदीकुंकवाच्या शेवटच्या दिवशी, मंदाने सगळ्यांना पुन्हा आपल्या ओटीवर बोलावलं. यशोदाला ती स्वतः जाऊन घेऊन आली, पण ओटीवर यायला यशोदा कबूल होईना. ती आतल्या दारातच थांबली.

करंड्यात एका कपाळापुरतं कुंकू उरलं होतं. ताटलीत दाखवलं असतं तर तो पुन्हा मंदाचा प्रयोग झाला असता, आणि पुन्हा मंदाच शहाणी ठरली असती. तिने ते सकाळीच कपाळाला लावलं होतं. बायका जमल्या तशी ती मधे उभी राहिली.

“त्या दिवशी मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “अर्धवट ऐकलं होतं आणि पुरं सांगितलं. यशोदावैनींचं कुंकू खरं आहे, म्हणूनच ते पिवळं झालं. आपण आणलं ते रंगाचं आहे.” आणि तिने लिंबाची फोड स्वतःच्या कपाळावर चोळली.

“अगो, काय करतेस! नवरा जिता हाय तुजा!” सुशीलाकाकू ओरडल्या.

लाल टिळ्याचा पिवळा ओघळ नाकावरून खाली आला. डोळ्यांत रस गेला, डोळे झोंबले, पण मंदाने ते पुसले नाहीत. सगळ्यांनी नीट पाहावं म्हणून ती तशीच उभी राहिली. लग्नानंतर माहेरी आलेल्या मालनने आपल्या नव्या, गडद लाल कुंकवाला हात लावला आणि बोट पदराआड लपवलं.

मग सुशीलाकाकू दाराकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, “यशोदे, आमाला पुन्ना देशील ना गो कुंकू?”

यशोदाने उंबरा ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सवाष्णींच्या त्या ओटीवर आली. तिने पदराच्या टोकाने मंदाचे डोळे टिपले, कपाळ मात्र तसंच ठेवलं.

“आता नाय उरलं,” ती म्हणाली. “नवी हलद निंगंल, वालंल, मंग चैतात करीन. जिला पायजे तिनं या.” मग तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. “येताना लिंबू घेऊन या.”