बाहीची पिवळी पट्टी

गेली एकोणपन्नास वर्षं लुशस टार्व्हर थँक्सगिव्हिंगचं जेवण स्वयंपाकघरात जेवत होता आणि त्याचा मेव्हणा क्लिओटिस बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर. मधल्या दारातून टर्कीची ताटं ने-आण करायची व्हर्नेल. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. नातेवाईक म्हणायचे, या बाईच्या जागी दुसरी कुणी असती तर वेडी झाली असती. व्हर्नेल काही झाली नाही. का झाली नाही, हे कुणी विचारलं नाही.

दोघांचं भांडण बँडवरून. डेटन शहराच्या पश्चिम भागात, व्हर्नेलच्या आईच्या गॅरेजमध्ये हे दोघे धरून सात पोरांनी 'वुल्फ क्रीक एंजिन' सुरू केला तेव्हा फंक या नाचऱ्या ठेक्याच्या संगीताचं नावही लोक जरा दबकूनच उच्चारत. दिवसा किंवा रात्री फाउंड्रीत पाळी करायची आणि उरलेल्या वेळात वाजवायचं. लुशसचं मधलं बोट फाउंड्रीच्या प्रेसमध्ये सापडून वाकडं झालं होतं, त्यामुळे बास गिटारवरचा तिसरा सूर त्याच्याकडून किंचित उशिरा पडायचा. आधी सगळे हसले. मग लक्षात आलं की लोक नेमके त्याच उशिरावर कंबर हलवतात. त्या एका सुरावर बँड उभा राहिला. पुढे अर्ध्या देशातल्या बँडनी तो उशीर उचलला, धडधाकट बोटं असूनसुद्धा.

आणि चौऱ्याहत्तरमध्ये शिकागोला पहिली रेकॉर्ड करायला बँड गेला तो लुशसला न घेता.

आता लायब्ररीत बँडच्या इतिहासाचं प्रदर्शन लागायचं होतं. सातातले दोघेच उरलेले. तिथल्या मिस पेटिफर्ड यांनी फोनवर लुशसबद्दलचं कार्ड वाचून दाखवलं: 'बास. १९७४ साली बँड सोडला.'

"सोडला नाही," लुशस म्हणाला. "मला टाकून गेले. तो शब्द बदला."

"मग येऊन सांगा ना, मिस्टर टार्व्हर. तुमचं म्हणणं लिहून घेते मी."

व्हर्नेलनं ऐकलं होतं. "कशाला जातोस?" ती म्हणाली. "गुडघे बघ तुझे. मेलेलं मांजर उकरून काय मिळणार आहे?"

"माझं नाव मिळेल," तो म्हणाला आणि चर्चला जायची हॅट घालून निघाला.

लायब्ररीत क्लिओटिस आधीच येऊन बसला होता. तरुणपणी स्टेजवर उड्या मारणारा हा गडी आता काठी टेकून बसला होता. लुशसनं त्याच्याकडे न बघता मिस पेटिफर्डना सांगायला सुरुवात केली. "सोमवारी दहाला बस माझ्या दारात येणार होती. मी सकाळी सातला पाळीवरून आलो, बायकोला म्हटलं नऊला उठव आणि झोपलो. बस आलीच नाही, म्हणून तिनं दुपारपर्यंत झोपू दिलं. परस्पर गेले. वाकड्या बोटाचा माणूस यांना शिकागोत दाखवायचा नव्हता. आणि माझा सूर मात्र दुसऱ्याकडून वाजवून घेतला."

"दाजी," क्लिओटिस म्हणाला, "देवाच्या दारात जायचं वय झालं, आता तरी खोटं बोलू नका. चाळीस मिनिटं बस तुमच्या दारात उभी होती. व्हर्नेल बाहेर आली. म्हणाली, तो येत नाही, तुमचं तोंड बघायचं नाही म्हणतो. नंतर दोनदा आलो मी, तुम्ही दार आपटलंत."

"बहिणीवर ढकलतोस?"

"मी कशाला ढकलू? बास वाजवणाऱ्या होलिसला घ्या, हे तिनंच सुचवलं, त्याला वाटेत ऐकवा म्हणून तालमीची कॅसेट दिली. त्याला घालायला तुमचं जाकीट दिलं."

लुशस हसला. या माणसाचा खोटेपणा त्याला पाठ होता. मग मिस पेटिफर्डनी भिंतीवरचा फोटो दाखवला. शिकागोतल्या स्टुडिओचं दार, हिरव्या मखमलीच्या जाकिटातले सात जण. ही जाकिटं व्हर्नेलनंच शिवली होती. त्याच्या जागी उंच होलिस उभा होता, त्याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच. तरी बाह्या होलिसच्या मनगटापर्यंत नीट आल्या होत्या. टोकाला चार बोटं पिवळी पट्टी जोडलेली होती, पांढऱ्या ठिपक्यांची. ते कापड लुशसनं ओळखलं. थोरल्या लेकीच्या ईस्टरच्या फ्रॉकमधलं उरलेलं.

दारात उभी बस थांबवून कुणी बाह्या वाढवत नाही. त्याला माप घ्यावं लागतं, मशीनवर बसावं लागतं. तो पाळीवर असताना व्हर्नेल आठवडाभर हेच करत होती.

"कार्डावर काय लिहू?" मिस पेटिफर्डनी विचारलं. तो हॅट चढवून बाहेर पडला.

व्हर्नेल भाजी निवडत होती. त्यानं हॅटसुद्धा काढली नाही. "पिवळी पट्टी छान दिसते फोटोत," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "माझा बाप असाच ट्रम्पेट घेऊन बसमध्ये चढला होता," ती म्हणाली. "परत आला नाही. माझ्या पदरात दोन पोरी होत्या, लुशस."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर गेला असतास."

"गेलो असतो," तो म्हणाला. "आणि परत आलो असतो. बरं, तेव्हा नाही सांगितलंस. नंतर? एकोणपन्नास वर्षं?"

"तुझा राग क्लिओवर होता, तोवर माझा संसार नीट चालला होता."

हे तिनं अगदी सरळ सांगितलं. रेकॉर्ड गेल्याचं दुःख त्यानं कधीच गिळून टाकलं होतं. पण ज्या क्लिओटिसनं त्याचा पहिला बास खांद्यावरून गॅरेजपर्यंत आणला, त्याला तो अर्धं आयुष्य शिव्या देत आला होता, आणि ही रोज रात्री शेजारी पडून त्या ऐकत होती. याचं काय करायचं, हे त्याला कळेना. फसवलं गेल्याची लाज वाटत होती, त्याच्या वयाला न शोभेल इतकी.

थँक्सगिव्हिंगला टेबल त्यानं स्वतः मांडलं. क्लिओटिस आला, काठी कोपऱ्यात ठेवली आणि बाहेरच्या टेबलावर दोन ताटं बघून खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"बस," लुशस म्हणाला.

"आणि ताई?"

तिसरं ताट स्वयंपाकघरात होतं, खिडकीपाशी, लुशसच्या नेहमीच्या जागी. व्हर्नेलनं टर्की आणून दोघांच्या मध्ये ठेवली, दोन्ही ताटांकडे एकदा बघितलं आणि मधल्या दारातून आत गेली. दार तिनंच लोटून घेतलं.